एक नळी रक्त, तीन चाचण्या

जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की वाटेत बदनापूर लागतं. कडधान्य पिकवणाऱ्या शेतकऱ्याला हे नाव तुरीमुळे ठाऊक असतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं कृषी संशोधन केंद्र इथे आहे, आणि 'बीडीएन' किंवा 'बीएसएमआर' या अक्षरांनी सुरू होणारे तुरीचे वाण इथूनच मराठवाड्यातल्या शेतांत गेले. 'बीएसएमआर ७३६' लोकप्रिय झाला तो मर आणि वांझ या दोन्ही रोगांपुढे टिकतो म्हणून. वांझ रोगात झाड हिरवंगार राहतं, पण त्याला शेंगा धरत नाहीत. भारतात या रोगाची नोंद १९३१ सालची. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एक कोळी तो पसरवतो हे पुढे कळलं, तरी त्यामागचा विषाणू नेमका हाती लागायला जवळजवळ सत्तर वर्षं गेली. विषाणूंच्या बाबतीत असा उशीर नवा नाही.

याच तालुक्यात वरुडीला, अक्कलकुव्याच्या जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम या संस्थेनं उभारलेलं वैद्यकीय महाविद्यालय आणि नूर रुग्णालय आहे. अशा रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत ज्या विषाणूंचा शोध रोज घ्यावा लागतो ते माणसाच्या रक्तातले. शस्त्रक्रियेआधी, बाळंतपणाआधी, डायलिसिसला बसवण्याआधी, रक्ताची पिशवी शीतकपाटात ठेवण्याआधी, प्रत्येक वेळी तीन प्रश्न विचारले जातात: एचआयव्ही आहे का, हिपॅटायटिस बी आहे का, हिपॅटायटिस सी आहे का? लहान गावांतल्या वैद्यकीय महाविद्यालयांतून या विषयावर निघणारे शोधनिबंध याच नोंदींवर उभे असतात. अमुक वर्षांत आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि चाचणी केंद्रात आलेल्यांपैकी किती जण बाधित निघाले, रक्तपेढीत जमा झालेल्या पिशव्यांपैकी किती बाद कराव्या लागल्या, एचआयव्हीसह जगणाऱ्यांपैकी कितीजणांच्या रक्तात हिपॅटायटिसही सापडला.

अशा निबंधांना नुसती मोजदाद म्हणून बाजूला सारणारे पुष्कळ आहेत. त्यांचं चुकतं. महानगरांतल्या प्रयोगशाळा विषाणूची रचना उलगडतात. पण तो विषाणू कुठल्या तालुक्यात, कुणाच्या शरीरात, कुठल्या वाटेनं पोहोचला हे तालुक्याच्या रजिस्टरातूनच कळतं. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की एक विसंगती ठळक होते. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस यांचा अभ्यास महाराष्ट्रात बऱ्याचदा त्याच माणसांनी केला. औषधंही काही अंशी एकच आहेत. रुग्णाला मात्र दोन खिडक्यांवर, दोन योजनांत, दोन रजिस्टरांत विभागलं गेलं आहे, आणि मधल्या फटीत त्याची एखादी चाचणी राहून जाते.

या अभ्यासाची सुरुवात पुण्यात झाली आणि ती काविळीपासून झाली. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत काविळीची मोठी साथ आली. यमुनेत सांडपाणी मिसळलं होतं आणि तेच पाणी वजिराबादच्या जलशुद्धीकरण केंद्रात खेचलं गेलं होतं. साधारण २९ हजार लोक आजारी पडले. ही 'ए' प्रकारची कावीळ असावी असं तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं. जवळजवळ पंचवीस वर्षांनी, १९८० साली, 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक निबंध आला. अमेरिकी शास्त्रज्ञांबरोबर त्याच्या लेखकांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे संशोधक होते आणि संस्थेच्या तेव्हाच्या संचालक डॉ. खोर्शेद पावरी होत्या. जपून ठेवलेले रक्ताचे जुने नमुने त्यांनी नव्या चाचण्यांनी तपासले, आणि ती कावीळ ना 'ए' होती ना 'बी', असं निघालं. पाण्यातून पसरणारा आणखी एक विषाणू असला पाहिजे, असा त्याचा सरळ अर्थ होता. १९८३ मध्ये मिखाईल बालायान या सोव्हिएत शास्त्रज्ञानं बाधितांच्या विष्ठेपासून केलेला अर्क स्वतः प्यायला, स्वतःला कावीळ करून घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या विषाणूचे कण पाहिले. १९९० च्या सुमारास त्याची जनुकरचना उलगडली आणि तो हिपॅटायटिस ई म्हणून ओळखला जाऊ लागला.

फ्रिजमध्ये ठेवलेल्या नळ्यांचं मोल या प्रसंगातून कळतं. नमुने फेकून दिले असते तर १९५५ ची साथ कायमची चुकीच्या नावावर राहिली असती.

पुण्यात हे काम पुढे नेलं ते डॉ. विद्या अरणकल्ले यांनी. भारतातल्या पाण्याच्या साथींमागे बहुतेक वेळा हिपॅटायटिस ई असतो हे त्यांच्या गटानं गावोगावच्या साथींचे नमुने तपासून दाखवलं. भारतात माणसांत सापडणारा हा विषाणू पहिल्या जनुकीय प्रकारचा आहे, तर इथल्या डुकरांत सापडणारा चौथ्या प्रकारचा, हेही त्यांच्याच गटाच्या कामातून पुढे आलं. युरोपात डुकराच्या मांसातून हा आजार माणसाला होतो. आपल्याकडे गुन्हेगार आहे तो फुटलेली जलवाहिनी आणि तिच्या शेजारून वाहणारं गटार. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत या आजारात मृत्यूचं प्रमाण वीस टक्क्यांच्या घरात जाऊ शकतं. मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकरचं पाणी आणि पावसाळ्याच्या तोंडावर गढूळ नळ यांच्यावर दिवस काढणाऱ्या गावांसाठी हे संशोधन पुस्तकातलं राहत नाही.

एचआयव्हीचा विषय पुण्याच्या याच विषाणू विज्ञान संस्थेच्या दारात आला तो ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. अमेरिकेत १९८१ मध्ये एड्सची पहिली नोंद झाली, १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या गटानं विषाणू वेगळा काढला. भारतात हा आजार येणारच नाही असं छातीठोकपणे सांगणारे तेव्हा खूप होते. १९८६ मध्ये चेन्नईत सहा शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात एचआयव्ही सापडला. नमुने गोळा केले होते सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीनं आणि तिच्या मार्गदर्शक होत्या डॉ. सुनीती सोलोमन. सुनीतीताई मूळच्या गायतोंडे. चेन्नईत चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरातल्या. पुढे १९९३ मध्ये त्यांनी जी संस्था काढली तिला माहेरच्या वाय. आर. गायतोंडे यांचंच नाव दिलं. डॉक्टरही ज्यांना हात लावायला कचरत होते त्या रुग्णांना त्या खुर्ची ओढून शेजारी बसवत. २०१५ मध्ये त्यांचं निधन झालं, मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

महाराष्ट्रात १९९२ मध्ये पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. तिच्या नावात आता विषाणूशास्त्राचाही समावेश झाला आहे. सुरुवातीच्या वर्षांतलं तिथलं सगळ्यांत अस्वस्थ करणारं काम डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचं. 'जामा' या नियतकालिकात १९९७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पुण्यातल्या गुप्तरोग चिकित्सालयांत येणाऱ्या स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांत जवळपास निम्म्या बाधित निघाल्या, ते अपेक्षितच होतं. पण शरीरविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांतही १३.६ टक्के बाधित निघाल्या. त्यांतल्या बहुतेकींचा आयुष्यात नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध आलेला नव्हता. तोवर सरकारी फलकांवर 'धोक्याचे गट' म्हणून जे कुणी रंगवले जात होते त्यांत घरातली सून नव्हती. या निबंधानं ते चित्र कायमचं बदललं. गरोदर स्त्रियांच्या चाचणीला पुढे जे महत्त्व मिळालं त्यामागे अशाच कामाचा रेटा होता.

त्याच संस्थेतून दोन वर्षांनी आलेला दुसरा निबंध सामान्य वाचकाला ठाऊक नाही, जगभरच्या विषाणूशास्त्रज्ञांना मात्र तो नावानं माहीत आहे. डॉ. कविता लोळे, डॉ. रमेश परांजपे आणि अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले सहकारी यांनी १९९९ मध्ये 'जर्नल ऑफ व्हायरॉलॉजी'त तो छापला. पुण्यातल्या नुकत्याच बाधित झालेल्या सहा जणांच्या रक्तातून एचआयव्ही वाढवून त्याची जवळजवळ पूर्ण जनुकरचना त्यांनी वाचली. पाच विषाणू 'सी' उपप्रकारचे निघाले. सहावा 'ए' आणि 'सी' यांच्या तुकड्यांनी जोडलेला होता, म्हणजे एकाच माणसात दोन उपप्रकार कधीतरी एकत्र आले आणि त्यांची सरमिसळ झाली. अमेरिका-युरोपातल्या प्रयोगशाळा तोवर प्रामुख्यानं 'बी' उपप्रकारावर लस शोधत होत्या. ज्या ठिकाणी रोगप्रतिकारक पेशी विषाणूला ओळखतात अशा ज्ञात जागांपैकी फक्त ३८ टक्के जागा पुण्याच्या विषाणूंत तिकडच्या प्रयोगशाळांतल्या विषाणूसारख्या होत्या. तिकडची लस इकडे जशीच्या तशी चालेल या भरवशाला या आकड्यानं तडा दिला.

विषाणूच्या कुठल्या भागात कुठला उपप्रकार मिसळला आहे हे आलेखावर दाखवणारी 'सिमप्लॉट' ही संगणक प्रणाली याच गटातल्या स्टुअर्ट रे यांनी लिहिली होती, आणि तिची पहिली ओळख जगाला याच निबंधातून झाली. तेव्हापासून हजारो शोधनिबंधांत या पुणेरी कामाचा हवाला येतो. करोना विषाणूच्या उगमाचा माग काढणाऱ्यांनीही तीच प्रणाली वापरली.

लोळे पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत हिपॅटायटिस ईकडे वळल्या. हा विषाणू प्रयोगशाळेतल्या पेशींत सहजासहजी वाढत नाही, त्यामुळे त्याचं एकेक प्रथिन वेगळं बनवून त्याचं काम तपासावं लागतं. डॉ. योगेश कर्पे यांच्यासोबत त्यांनी २०१० मध्ये दाखवलं की विषाणूचं हेलिकेज नावाचं विकर आरएनएची गुंतलेली दोरी उलगडतं आणि आणखी एक रासायनिक कामही करतं. त्यांच्या नावावर असलेलं आणखी एक काम २००९ चं: अरणकल्ले आणि सीरम इन्स्टिट्यूटच्या संशोधकांसह हिपॅटायटिस ई व बी या दोघांवर मिळून एकच लस करता येईल का, याचा प्रयोग. ती लस बाजारात आलेली नाही. पण एकाच संशोधिकेच्या कामाची ही वाट, एचआयव्हीच्या जनुकांपासून हिपॅटायटिसच्या विकरांपर्यंत आणि तिथून दुहेरी लसीपर्यंत, आपल्या मुद्द्याला फार बोलकी आहे. प्रयोगशाळेतल्या माणसाला या दोन आजारांमध्ये भिंत दिसत नाही.

भिंत का नसावी, हे विषाणूंच्या स्वभावावरून समजतं. एचआयव्ही शरीरात शिरला की स्वतःच्या आरएनएचा डीएनए करून घेतो आणि तो आपल्या पेशीच्या गुणसूत्रांत शिवून टाकतो. हिपॅटायटिस बीही तशीच उलट नक्कल करतो. फक्त त्याचा डीएनए यकृताच्या पेशीच्या केंद्रकात वेगळी, घट्ट गुंडाळलेली कडी होऊन बसतो. दोघांनाही औषधानं गप्प बसवता येतं, घराबाहेर काढता येत नाही. म्हणून दोन्ही आजारांत गोळी बहुतेकदा वर्षानुवर्षं घ्यावी लागते. हिपॅटायटिस सी मात्र केंद्रकात कुठेही दडत नाही, त्यामुळे त्याचं गुणन पुरेसे दिवस थांबवलं की तो शरीरातून नाहीसा होतो. सोफोसबुविर आणि त्याच्या जोडीची औषधं बारा आठवडे घेतली तर ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. 'बरे होतात' हा शब्द इथे पूर्ण अर्थानं वापरता येतो, जो एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बीसाठी अजून वापरता येत नाही.

संसर्गाची ताकद पाहिली तर सर्वांत जास्त भीती हिपॅटायटिस बीची वाटायला हवी. बाधित सुई टोचली तर संसर्गाची शक्यता एचआयव्हीत हजारात सुमारे तीन, हिपॅटायटिस सीत शंभरात तीन आणि लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीत शंभरात तीसपर्यंत असते. वाळलेल्या रक्तात हा विषाणू आठवडाभर जिवंत राहू शकतो. आई बाधित असेल आणि बाळाला जन्माच्या वेळी संसर्ग झाला, तर दहांतल्या नऊ बाळांत तो आयुष्यभर मुक्काम करतो. प्रौढपणी झालेला संसर्ग बहुतेकांचं शरीर स्वतःच परतवून लावतं. यकृत सुरकुतणं आणि यकृताचा कर्करोग हे चाळिशी-पन्नाशीत येतात, पण त्यांचं बीज बऱ्याचदा जन्माच्या दिवशी पडलेलं असतं.

आता एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी एकाच शरीरात आले तर काय होतं? एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती ढासळलेली असते, त्यामुळे हिपॅटायटिस बी वेगानं वाढतो आणि यकृत लवकर निकामी होतं. त्यात क्षयरोगाची भर पडली तर डॉक्टरांची खरी कसोटी, कारण क्षयाची मुख्य औषधं यकृतावरच ताण टाकतात. चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्रानं २००६ मध्ये दक्षिण भारतातल्या साडेनऊशे एचआयव्हीबाधितांचा अभ्यास छापला. त्यात सुमारे सहा टक्क्यांत हिपॅटायटिस बी आणि सुमारे दोन टक्क्यांत हिपॅटायटिस सी सापडला. मणिपूरमध्ये शिरेतून नशा करणाऱ्या बाधितांत हिपॅटायटिस सीचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेलं होतं. एकाच देशात इतका फरक! जिथे संसर्ग शरीरसंबंधातून पसरतो तिथे एक चित्र, जिथे सुईतून पसरतो तिथे दुसरं. म्हणूनच जालन्याचा आकडा चेन्नईवरून किंवा इम्फाळवरून काढता येत नाही. तो जालन्यातच मोजावा लागतो.

उपचारांच्या बाजूनं तर हे दोन आजार एकमेकांत इतके गुंतले आहेत की त्यांना वेगळं ठेवणं रुग्णासाठी धोक्याचं ठरतं. भारतात एचआयव्हीचे मोफत उपचार एप्रिल २००४ पासून सुरू झाले. आज सरकारी एआरटी केंद्रात मिळणाऱ्या रोजच्या एका गोळीत टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधं असतात. त्यांतली पहिली दोन हिपॅटायटिस बीवरही काम करतात. म्हणजे दोन्ही विषाणू असलेला रुग्ण एचआयव्हीची गोळी घेताना नकळत दुसऱ्या आजाराचेही उपचार घेत असतो. ऊसतोडीला गेल्यामुळे, नातेवाइकांपासून लपवण्यासाठी किंवा नुसत्या कंटाळ्यानं त्यानं ती मध्येच बंद केली, तर हिपॅटायटिस बी एकदम उसळतो आणि यकृत धोक्यात येतं. आपल्याला दुसरा आजार आहे हेच ज्याला माहीत नाही, तो ही खबरदारी घेणार कशी?

उलट बाजूचा धोका आणखी छुपा आहे. एखाद्याला हिपॅटायटिस बी निघाला, खासगी डॉक्टरनं एचआयव्ही चाचणी न करता एन्टेकाविर किंवा टेनोफोविर सुरू केलं, आणि त्या माणसाला एचआयव्हीही असला, तर एकट्यादुकट्या औषधाशी झुंजता झुंजता एचआयव्ही प्रतिरोध शिकतो. एन्टेकाविरबाबत हे २००७ मध्ये सिद्ध झालं. तोवर ते औषध एचआयव्हीला हात लावत नाही असाच समज होता. हे टाळण्यासाठी फक्त एक चाचणी लागते, तीही सरकारी केंद्रात फुकट होणारी.

औषधं स्वस्त कशी झाली, हा या आढाव्यातला अभिमानाचा भाग. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसुफ हमीद यांनी एचआयव्हीची तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरना, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत, देऊ केली. तेव्हा पाश्चात्त्य बाजारात त्याच उपचारांना वर्षाला दहा हजार डॉलरहून जास्त लागत. आफ्रिकेतल्या लाखो लोकांचं आयुष्य या निर्णयानं लांबलं. हिपॅटायटिस सीच्या बाबतीत अमेरिकेत बारा आठवड्यांच्या सोफोसबुविरची किंमत ८४ हजार डॉलर ठेवली होती. २०१४ नंतर भारतीय कंपन्यांना परवाने मिळाले आणि किंमत अक्षरशः कोसळली. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात बी आणि सी दोन्हींच्या चाचण्या व उपचार मोफत आहेत. कागदावर आता कुठलीच अडचण उरलेली नाही.

मग रुग्ण सापडत का नाहीत? इथे मोजदादीचा प्रश्न पुन्हा येतो. भारतात एचआयव्हीबाधित किती, याचा २००६ पर्यंतचा अंदाज ५७ लाखांच्या आसपास होता. तो मुख्यतः प्रसूतिपूर्व तपासणी केंद्रं आणि गुप्तरोग चिकित्सालयांतल्या नमुन्यांवर बांधला होता. तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरोघरच्या एक लाखाहून अधिक लोकांचं रक्त तपासलं गेलं आणि जुलै २००७ मध्ये आकडा २५ लाखांवर आणावा लागला. रुग्णालयात येणारा माणूस म्हणजे गाव नव्हे, हे तेव्हा देशाला कळलं. रक्तपेढीचा आकडा याच्या उलट दिशेनं फसवतो. निरोगी दिसणारे, चौकशीत पास झालेलेच तिथे सुई टोचून घेतात. हिपॅटायटिस बीबाबत आजही असाच गोंधळ आहे. चौथ्या कुटुंब पाहणीच्या नमुन्यांवरून प्रमाण एक टक्क्याहून थोडं कमी, ०.९५ टक्के, निघालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या बाधितांची संख्या २ कोटी ९८ लाख धरली आहे, म्हणजे साधारण दुप्पट. खरा आकडा कुठे आहे हे ठरवायला बदनापूरसारख्या ठिकाणचे अभ्यास लागतील, अट एकच: नमुने कुणाचे घेतले हे त्यांनी स्पष्ट सांगावं आणि रुग्णालयाच्या आकड्याला जिल्ह्याचा आकडा म्हणू नये.

जालना जिल्ह्याची घडण अशी आहे की इथला आकडा दुसऱ्या कुणाच्या सरासरीत बसणार नाही. शहरात पोलादाच्या रोलिंग मिल आहेत आणि तिथे परप्रांतांतले कामगार. अंबड, घनसावंगी, मंठा भागातली कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि सहा महिने त्यांचं रेशन, शाळा, लसीकरण सगळंच विस्कटतं. बाळंतपण फडावर झालं तर बाळाला २४ तासांच्या आत द्यायचा हिपॅटायटिस बीचा पहिला डोस कोण देणार? सहाव्या आठवड्यातली पेंटाव्हॅलेंट लस त्याला कदाचित गाठेल, पण आईकडून येणाऱ्या संसर्गाविरुद्धची लढाई पहिल्याच दिवशीची असते. एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी या तिन्हींसाठी गरोदर स्त्रीची चाचणी एकाच वेळी करण्याचं धोरण आहे. ते राबवताना स्थलांतरित स्त्रीची फाइल तिच्या मागे कारखान्याच्या गावापर्यंत जाईल अशी सोय हवी.

सुईचा प्रश्न तर घराघरात आहे. ताप आला की 'एक सुई द्या' म्हणणारा रुग्ण आणि ती लगेच देणारा दवाखाना ही जोडी मराठवाड्यात अजून टिकून आहे. गुजरातच्या तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यात मोडासा इथे २००९ मध्ये हिपॅटायटिस बीची साथ आली, शेकडो लोक आजारी पडले, ऐंशीहून अधिक दगावले. साथीच्या मुळाशी वापरलेल्याच सिरिंज पुन्हा वापरणं होतं, आणि विषाणूचा तपास पुण्याच्या संस्थेनं केला. मोडासा बदनापूरहून फार वेगळं गाव नाही.

दुसरी अडचण समजुतीची. काविळीवर झाडपाल्याचं औषध देणारे, नाकात थेंब टाकणारे, कावीळ 'उतरवणारे' लोक गावोगाव आहेत आणि त्यांच्यावर विश्वास बसायला कारणही आहे. पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांत तीन-चार आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय औषध देणाऱ्याला जातं. जुनाट हिपॅटायटिस बीमध्ये मात्र डोळे पिवळे होतातच असं नाही. माणूस शेतात राबतो, लग्नकार्याला जातो, आणि एके दिवशी पोटात पाणी साठल्यावर जिल्हा रुग्णालयात येतो. एचआयव्हीच्या बाबतीत तीस वर्षांच्या प्रचारानं लोक निदान चाचणीपर्यंत येऊ लागले. २०१७ च्या कायद्यानं गुप्ततेचं आणि भेदभावाविरुद्धचं संरक्षणही दिलं. आयसीटीसी केंद्रातला समुपदेशक रुग्णाशी बोलतो, नवरा-बायकोला एकत्र बसवतो, गोळी चुकली तर फोन करतो. हिपॅटायटिस बीच्या रुग्णाला बहुतेकदा प्रयोगशाळेतून एक कागद मिळतो आणि त्यावर लाल शाईत 'पॉझिटिव्ह'. त्यामुळे कुणाची नोकरी अडते, कुणाचं लग्न मोडतं. घरातल्या बाकीच्यांना लस द्या एवढं साधं वाक्यही त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

एचआयव्हीसाठी उभी राहिलेली माणसांची ही साखळी हिपॅटायटिससाठी वापरणं हाच या सगळ्या संशोधनातून निघणारा सर्वांत स्वस्त उपाय आहे. तोच समुपदेशक, तीच खोली, तीच रक्ताची नळी. २०११ मध्ये नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवरच्या अभ्यासानं दाखवलं होतं की बाधित जोडीदाराला लवकर उपचार दिले तर दुसऱ्याला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो. पुणे आणि चेन्नई ही त्या अभ्यासातली भारतीय केंद्रं होती. जोडप्याला एकत्र तपासण्याचं शहाणपण त्यातून आलं. तेच शहाणपण हिपॅटायटिस बीच्या घरात लावलं तर जोडीदाराला आणि मुलांना केवळ लस टोचून वाचवता येतं, कारण इथे लस आहे आणि ती चाळीस वर्षांपासून आहे.

बदनापूर परिसरात पुढचे अभ्यास करणाऱ्यांसमोर प्रश्न तयार आहेत. एआरटी घेणाऱ्या किती जणांची हिपॅटायटिस बी चाचणी उपचारांच्या सुरुवातीलाच झाली? हिपॅटायटिस बी निघालेल्यांपैकी कितीजणांची एचआयव्ही चाचणी झाली? ऊसतोडीहून परतलेल्या बाळंतिणींच्या बाळांना पहिला डोस मिळाला होता का? पश्चिम भारतात हिपॅटायटिस बीचा 'डी' जनुकीय प्रकार जास्त आढळतो असं पुण्याच्या संस्थेनं २००३ मध्येच नोंदलं; परप्रांतीय कामगारांच्या या जिल्ह्यात आज काय आढळतं? रक्तातला विषाणूभार मोजल्याशिवाय हिपॅटायटिसचे उपचार बहुतेकदा ठरवता येत नाहीत, आणि तो मोजायला नमुने संभाजीनगरला किंवा पुण्याला पाठवण्यात आठवडे जात. गोव्यातल्या वेर्ण्याच्या मोल्बायो कंपनीचं बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट यंत्र क्षयासाठी आणि कोविडकाळात राज्यातल्या अनेक लहान रुग्णालयांत पोहोचलं आहे. त्याच यंत्रात हिपॅटायटिस बी आणि सीच्या चिपा बसतात. त्या मागवायला सुरुवात करायची आहे.